चांगले चार दात का काढायचे? एका जुन्या भांडणाची गोष्ट

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळीच ताईचा फोन आला. "तुझं ते दातांचं पीएचडी चाललंय ना? मग मला एक सांग." मी तिला दरवेळी सांगते की माझं पीएचडी दातांचं नाही, दातांच्या डॉक्टरांनी ठेवलेल्या नोंदींच्या इतिहासाचं आहे. पण घरच्यांच्या लेखी दोन्ही सारखंच. यावेळी मात्र तिचा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या अगदी मधोमध येऊन पडला, म्हणून हा लेख.

झालं असं की माझी भाची तेरा वर्षांची. वरच्या दोन्ही सुळ्यांना जागा मिळाली नाही, त्यामुळे ते हिरडीत उंच, बाहेरच्या अंगाला आलेत. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत. ताई तिला दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टकडे घेऊन गेली. ते म्हणाले, आधी चार दात काढू, मग तारा लावू. ताईच्या पोटात गोळाच आला. किडलेला दात काढतात हे तिला माहीत होतं, पण हे चारही दात ठणठणीत! म्हणून ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, काढायची काही गरज नाही, दातांची कमान थोडी रुंद करून जागा करता येईल. "तोंड एक, डॉक्टर दोन, उत्तरं दोन. यातलं खोटं कोण बोलतंय?"

मी म्हटलं, बहुतेक कोणीच नाही. हे दोघे ज्या भांडणाच्या दोन बाजूंना उभे आहेत ते शंभर वर्षांहून जुनं आहे. त्यात दोन्ही बाजू एकेकदा जिंकल्यात, एकेकदा हरल्यात. तुमच्याही घरात कुणाला तारा लावायच्या असतील, किंवा तुम्ही स्वतः तिशी-चाळिशीत त्या विचारात असाल, तर ही गोष्ट तुमच्या कामाची आहे.

आधी थोडं दातांविषयी

सुळ्याच्या मागे, मोठ्या दाढांच्या आधी, प्रत्येक बाजूला दोन छोट्या दाढा असतात. त्यांना उपदाढा म्हणतात. "चार दात काढू" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा वर-खाली, डाव्या-उजव्या बाजूची एकेक उपदाढ असा त्याचा अर्थ असतो. एक उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद. म्हणजे प्रत्येक जबड्यात चौदा मिलिमीटर जागा मोकळी होते आणि गर्दी झालेले दात तिथे सरकवता येतात.

आता दात सरकतो कसा? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाच्या आणि हाडाच्या मधे पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर हलका, सतत दाब दिला की ज्या बाजूला दात ढकलला जातो त्या बाजूचं हाड हळूहळू झिजतं आणि मागच्या बाजूला नवं हाड तयार होतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर या चालीने दात हाडातून वाट काढतो. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. जोर जास्त लावला तर तिथला रक्तपुरवठा दबतो, पेशी मरतात आणि दात पटकन सरकण्याऐवजी उलट अडतो, हेही त्यातच दिसलं. "डॉक्टर, तार जरा घट्टच करा, लवकर संपू दे" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

दात दाबाने सरकतात हे ज्ञान मात्र फार जुनं. रोमन लेखक सेल्सस इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहितो की दुधाचा दात पडायच्या आधीच कायमचा दात आला, तर दुधाचा काढावा आणि नवा दात रोज बोटाने दाबत दाबत जागेवर आणावा. आपल्याकडच्या आज्याही असलंच काहीतरी सांगतात. १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशार यांनी आपल्या दंतवैद्यकाच्या ग्रंथात धातूची नालाच्या आकाराची पट्टी आणि दोऱ्याने दात ओढून घ्यायची रीत दिली. पण जागाच नसेल तर दात सरकवायचा कुठे, हा प्रश्न खरा पेटला तो अमेरिकेत, एका माणसामुळे.

अँगल यांचा हट्ट

एडवर्ड हार्टली अँगल, जन्म १८५५. आजच्या ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं आणि ते रास्तही आहे. तुमच्या मुलाच्या फाइलवर "क्लास वन" किंवा "क्लास टू" असं लिहिलेलं असेल, तर ती वर्गवारी अँगल यांची, १८९९ सालची. वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेवर कशी बसते यावरून त्यांनी तीन वर्ग पाडले. १९०० साली सेंट लुईसमध्ये त्यांनी फक्त या एका विषयाची शाळा काढली. आज ब्रॅकेटच्या चौकोनी खाचेत चौकोनी तार बसवतात, तीही मूळ कल्पना त्यांचीच, १९२५ च्या सुमाराची.

सुरुवातीला अँगलसुद्धा गरज पडली तर दात काढत. पण १९०७ साली त्यांच्या पुस्तकाची सातवी आवृत्ती आली, तोवर त्यांचं मत पक्कं झालं होतं: निसर्गाने बत्तीस दात दिलेत, बत्तीसच्या बत्तीस जागेवर बसवणं हेच आपलं काम. एकही काढायचा नाही.

याला त्यांच्याकडे दोन आधार होते. पहिला सौंदर्याचा. आधी ते चेहऱ्याचा आदर्श म्हणून व्हॅटिकनमधल्या अपोलोच्या पुतळ्याकडे बोट दाखवत. पुढे सेंट लुईसमधले चित्रकार एडमंड वुर्पेल यांच्याकडे ते सुंदर चेहऱ्याचा नियम मागायला गेले. वुर्पेल यांनी समजावलं की असा एक नियम नसतो, प्रत्येक चेहऱ्याचा तोल वेगळा असतो. अँगल यांनी यातून काढलेला निष्कर्ष मोठा गंमतीचा आहे. ते म्हणाले, मग ज्याचे त्याचे सगळे दात नीट बसवले की ज्याचा त्याचा चेहरा आपोआप सर्वांत चांगला होईल.

दुसरा आधार हाडाचा. ज्युलियस वुल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली मांडलं होतं की हाडावर जसा भार येतो तशी त्याची रचना बदलते. अँगल यांनी हेच जबड्याला लावलं. दात बाहेर ढकलून कमान रुंद करा, दातावर दात नीट बसवा, मग चावण्याच्या जोराने त्या दातांभोवती हाड वाढेल आणि त्यांना धरून ठेवेल.

आणि दात परत वाकडे झाले तर? अँगल यांचं उत्तर तयार होतं. म्हणजे तुम्ही बैठक नीट पुरी केली नव्हती. दोष पद्धतीचा नाही, हात तुमचा कच्चा.

इथे मी वाचताना थांबले होते, तुम्हीही जरा थांबा. उपचार टिकला तर पद्धत बरोबर, नाही टिकला तर डॉक्टर चूक. मग पद्धत चुकू शकते हे कळणार कसं? माझा सगळा प्रबंध या एका वाक्याभोवती फिरतोय म्हटलं तरी चालेल.

१९११: डॉक्टर केस उभे राहतात

शिकागोचे डॉक्टर कॅल्व्हिन केस हे अँगल यांचे समकालीन आणि तोडीस तोड. रुग्णाच्या दातांबरोबर ते त्याच्या चेहऱ्याचेही प्लास्टरचे ठसे घेऊन ठेवत. १९११ साली नॅशनल डेंटल असोसिएशनच्या सभेत त्यांनी दात काढण्याच्या प्रश्नावर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं साधं होतं. बहुतेकांचे दात काढावे लागत नाहीत, पण काहींचे काढावेच लागतात. ज्याचे दोन्ही जबड्यांचे दात आधीच पुढे आलेत, ओठ मिटायला त्रास होतो, त्याचे दात आणखी बाहेर ढकलले तर कमान भरेल, पण चेहरा बिघडेल.

त्यांच्यावर तुटून पडले अँगल यांचे शिष्य मार्टिन ड्युई. शब्द चांगलेच तिखट होते. मी हा वाद वाचला तो १९६४ च्या 'अमेरिकन जर्नल ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स'मध्ये, कारण पन्नासेक वर्षांनी त्यांनी तो मुद्दाम पुन्हा छापला. का छापला, ते पुढे कळेलच.

मजा अशी की शास्त्र म्हणून दोघांचीही गाडी मधेच घसरते. ड्युई यांची बाजू म्हणते, निसर्ग माणसाला जबड्यात न मावणारे दात देणारच नाही. डॉक्टर केस आनुवंशिकतेचा आधार घेतात, पण त्यात अमेरिकेत वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ झाली, म्हणून एकाचे दात आणि दुसऱ्याचा जबडा असं झालं, ही त्या काळातली लाडकी समजूतही येते. ती आज कुणी मानत नाही. म्हणजे रुग्णासमोर बसल्यावर ज्यांचा निर्णय जास्त तारतम्याचा होता, त्यांचं स्पष्टीकरणही पुरतं धड नव्हतं.

त्या वेळी जिंकले अँगलच. त्यांचे विद्यार्थी देशभर पसरले होते, शाळा त्यांची, अवजारं त्यांची. पुढची पंचवीस वर्षं अमेरिकेत तारा लावण्यासाठी दात काढणं जवळजवळ बंद पडलं.

ट्वीड यांनी जुने रुग्ण परत बोलावले

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस. चार्ल्स ट्वीड, जन्म १८९५, ॲरिझोनातल्या टूसॉन गावचे. अँगल यांच्या शेवटच्या काळातले अगदी लाडके शिष्य. गुरूची नवी चौकोनी तारेची पद्धत त्यांनी मनापासून उचलली आणि काही वर्षं एकही दात न काढता रुग्ण बरे केले. १९३० साली अँगल वारले.

त्यानंतर ट्वीड यांनी एक साधं पण अवघड काम केलं. उपचार संपलेल्या रुग्णांचे ठसे आणि फोटो काढून बसले आणि स्वतःच्या कामाकडे नीट पाहिलं. बऱ्याच जणांचे दात परत वाकडे झाले होते. बऱ्याच जणांचे दात सरळ होते, पण तोंड पुढे आलेलं, ओठ ताणलेले. गुरूचा नियम लावला असता तर म्हणायला हवं होतं, "माझाच हात कच्चा." पण ट्वीड यांच्यासारखा हात त्या काळी फार थोड्यांचा होता.

मग त्यांनी त्या रुग्णांना परत बोलावलं, चार पहिल्या उपदाढा काढल्या आणि पुन्हा उपचार केले, तेही पैसे न घेता. १९३६ साली त्यांनी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा अँगल यांच्या गोटात संताप झाला. गुरूचा विश्वासघात म्हणूनच त्याकडे पाहिलं गेलं. ट्वीड मागे हटले नाहीत. १९४० साली शिकागोच्या अधिवेशनात त्यांनी शंभर रुग्णांच्या नोंदी टेबलांवर मांडल्या. प्रत्येकाची आधी न काढता केलेली ट्रीटमेंट आणि नंतर काढून केलेली, दोन्ही शेजारी शेजारी. या आणि पाहा.

एखाद्या डॉक्टरने आपली शंभर अपयशं टेबलावर मांडणं याला काय लागत असेल, विचार करा. आपण सगळे यशाच्या फायली जपतो.

तिकडे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडमध्ये, रेमंड बेग वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. तेही १९२४-२५ मध्ये अँगल यांच्याकडे शिकलेले, तेही सुरुवातीला दात न काढणारे, त्यांचेही रुग्ण परत बिघडलेले. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींच्या जुन्या कवट्यांमधले दात तपासले. भरड, वाळूमिश्रित खाण्याने ते दात वरून तर झिजलेले होतेच, पण शेजारच्या दाताला घासून बाजूंनीही झिजलेले होते. झिजल्यामुळे प्रत्येक दात थोडा अरुंद होतो आणि कमानीत आपोआप जागा होते. बेग म्हणाले, आपलं अन्न मऊ, दात झिजत नाहीत, म्हणून गर्दी होते. मग निसर्ग जे झिजवून करत होता ते आपण एकेक उपदाढ काढून करू. हा तर्क पुढे बऱ्याच जणांनी खोडला. पण त्यांची बारीक गोल तारेची पद्धत जगभर गेली. १९६५ साली इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली आणि त्यानंतरची काही दशकं भारतातही या बेग पद्धतीचा मोठा पगडा होता. तुमच्या ओळखीच्या पन्नाशीतल्या कुणाचे तारा लावताना चार दात काढले असतील, तर त्यामागे टूसॉन आणि ॲडलेड आहे.

लंबक

यापुढचं मी आकड्यांत सांगते, कारण हे आकडे विलक्षण आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ऑर्थोडॉन्टिक क्लिनिकने सगळ्या रुग्णांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. विल्यम प्रॉफिट यांनी त्यातली चाळीस वर्षं काढून १९९४ साली मांडली. १९५३ साली ३० टक्के रुग्णांचे दात काढले गेले होते. १९६८ साली ७६ टक्के. १९९३ साली पुन्हा २८ टक्के.

एकच क्लिनिक. चाळीस वर्षांत त्या भागातल्या मुलांचे जबडे तर काही लहान होऊन परत मोठे झाले नव्हते. बदललं होतं ते डॉक्टरांचं मत. आता कळलं ना, १९६४ साली तो जुना वाद पुन्हा का छापला? तेव्हा डॉक्टर केस जिंकत होते.

लंबक परत का फिरला? कारणं बरीच होती. आधी प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवत, त्यालाच दातांमधली जागा जाई. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या कवचाला आम्ल लावून त्यावर पदार्थ चिकटवायची युक्ती काढली आणि पुढे ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागले. जागेची थोडी बचत झाली. दात काढल्याने जबड्याच्या सांध्याला त्रास होतो अशी भीती १९८० च्या दशकात अमेरिकेत पसरली, कोर्टकज्जे झाले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, पण भीतीने आपलं काम केलं होतं.

चेहऱ्याविषयीचं मतही बदललं. १९३१ साली डोक्याचा ठरावीक कोनातून एक्स-रे काढायची सोय झाली आणि चेहरा अंशांत मोजता येऊ लागला. पण "नॉर्मल" म्हणजे कोण? विल्यम डाउन्स यांचं १९४८ सालचं प्रसिद्ध मोजमाप उभं होतं वीस गोऱ्या अमेरिकन मुलामुलींवर. १९७० साली शेल्डन आणि हार्वी पेक यांनी लोकांना सुंदर वाटणाऱ्या चेहऱ्यांची मापं घेतली, त्यात सौंदर्यस्पर्धेतल्या विजेत्याही होत्या. लोकांना डॉक्टरांच्या तक्त्यापेक्षा थोडे भरलेले, पुढे असलेले ओठ आवडत होते. भारतातल्या दंतमहाविद्यालयांतही मग आपल्या माणसांची वेगळी मापं घ्यायला सुरुवात झाली, महाराष्ट्रातल्या लोकांचीसुद्धा. कोकणातल्या मुलीचे ओठ अमेरिकेतल्या वीस मुलांच्या सरासरीत का बसवायचे, हा प्रश्न रास्तच होता.

आणि सगळ्यांत मोठा धक्का आला सिॲटलमधून. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी ट्वीड यांनी केलं तेच केलं: जुने रुग्ण परत बोलावले. यावेळी बोलावले ते चार उपदाढा काढलेले रुग्ण. १९८१ साली त्यांनी ६५ जणांचा हिशोब मांडला, रिटेनर बंद करून किमान दहा वर्षं झालेल्यांचा. खालचे पुढचे दात समाधानकारक राहिले होते ते तीसपैकी नऊ जणांचेही नाहीत, म्हणजे ३० टक्क्यांहून कमी. १९८८ साली वीस वर्षं झालेल्या ३१ जणांची नोंद आली: साधारण १० टक्के.

म्हणजे दात काढले की ते कायम सरळ राहतात, हा ट्वीड यांच्या बाजूचा मोठा दावा त्यांच्याच पद्धतीने तपासल्यावर पडला.

मग बरोबर कोण?

मला विचाराल तर अँगल यांचा मूळ अंदाज पूर्ण चुकीचा नव्हता. वापराने हाड घडतं हे खरंच आहे. रॉबर्ट कोरुचिनी यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात चंदीगडच्या आसपासच्या शहरी आणि ग्रामीण पंजाबी तरुणांचे दात तपासले. एकाच समाजातले लोक, पण भरड खाणाऱ्या खेड्यातल्या मुलांच्या दातांची बैठक शहरातल्यांपेक्षा चांगली निघाली. लहानपणी चावून खाल्लं तर जबडा वाढायला मदत होते, असं यावरून दिसतं. फक्त तेराव्या वर्षी तार लावून दात बाहेर ढकलले म्हणून मागून हाड धावत येत नाही. अँगल यांचं चुकलं ते इथे.

आणि परत वाकडं होण्याचं काय? हिरडीतले ताणलेले तंतू रबरासारखे दाताला मागे ओढतात. त्यांची नवी घडी बसायला अनेक महिने, काहींना वर्षाहून जास्त लागतं. शिवाय ज्यांना कधीच तारा लागल्या नाहीत त्यांच्याही खालच्या दातांत वयाबरोबर गर्दी होते. त्याचं खापर आपण अक्कलदाढेवर फोडतो, पण तिच्यामुळेच गर्दी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दात आयुष्यभर थोडेथोडे हलतच असतात. जे तारेने शक्य होतं, म्हणजे मोठेपणीही हाडातून दात सरकणं, तेच तारा काढल्यावर आपल्या विरुद्ध जातं. चाळिशीतही दात सरळ करता येतात आणि चाळिशीतही ते परत वाकडे होतात, कारण एकच.

हे मी फक्त वाचून लिहीत नाहीये. चौदाव्या वर्षी माझ्याही चार उपदाढा काढल्या, अडीच वर्षं तारा होत्या. नंतर रिटेनर मिळाला, गुलाबी, टाळूला बसणारा. बारावीच्या सुट्टीत मी तो कॅन्टीनमध्ये टिश्यूत गुंडाळून ठेवला आणि ताटाबरोबर टाकून दिला. नवा करायला दोन हजार लागतील म्हणून घरी सांगितलंच नाही. आज माझा खालचा एक दात स्पष्ट फिरलेला आहे. सिॲटलच्या त्या नोंदी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मी लायब्ररीत आरशासमोर जाऊन उभी राहिले होते. त्या आकड्यांत मीही असू शकले असते.

माझ्यासारखे खूप आहेत आणि त्यांच्यातूनच एक अख्खा उद्योग उभा राहिला. तार न लावता साच्यांनी दात थोडे हलवता येतात हे अमेरिकेत हॅरल्ड केसलिंग यांनी १९४५ सालीच दाखवलं होतं. १९९७ साली स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी संगणकाने एकामागून एक साचे करायची कंपनी काढली. चिश्ती यांनी मोठेपणी तारा लावल्या होत्या आणि रिटेनर काही दिवस न घालता परत घातल्यावर तो दातांना मागे आणतोय हे त्यांच्या लक्षात आलं, अशी त्या कंपनीची गोष्ट सांगितली जाते. आजचे पारदर्शक अलाइनर ते हेच.

ताईला मी शेवटी काय सांगितलं? डॉक्टर मी नाही, त्यामुळे काढ किंवा काढू नको हे मी सांगितलं नाही. तीन प्रश्न लिहून दिले. एक, गर्दी किती मिलिमीटरची आहे आणि तेवढी जागा नेमकी कुठून येणार? दोन, उपचार संपल्यावर हिचे ओठ कुठे असतील, आत्ताच्यापेक्षा पुढे की मागे? तीन, रिटेनर किती वर्षं, हरवला तर काय? दोन्ही डॉक्टरांना हेच विचार. ज्यांचं उत्तर हिच्या तोंडाकडे, हिच्या एक्स-रेकडे बोट दाखवून येईल त्यांचं ऐक. "आम्ही कधीच काढत नाही" किंवा "आम्ही नेहमीच काढतो" असं उत्तर आलं, तर ते तुझ्या मुलीविषयी नाही, त्या जुन्या भांडणाविषयी आहे.

गेल्या आठवड्यात ताईचा मेसेज आला. पहिल्याच डॉक्टरांनी एक्स-रे आणि ठसे समोर ठेवून अर्धा तास समजावलं. खाली जागा फारच कमी आहे आणि दात आधीच पुढे झुकलेत. चार दात काढायचं ठरलं. भाचीला फक्त एकच काळजी होती, काढलेले दात घरी देतात का. दिले त्यांनी, छोट्या डबीत.

मी तिला एक दुसरी डबी पाठवली आहे, निळी, रिटेनरची. अजून अडीच वर्षांनी लागेल. झाकणावर मी मार्करने लिहिलंय: जेवताना यात. टिश्यूत नाही. मावशी.